मोठी मुलगी चौथी संपवायच्या आत भारतात परतावं का? (सध्या जर्मनीत)

पाऊसवेडी:

नमस्कार मंडळी. घरात कितीतरी दिवस हा एकच विषय चालू आहे आणि आता आम्ही दोघं एकमेकांना तेच तेच ऐकवतोय, नवीन काहीच निघत नाही, म्हणून इथे विचारतेय. जे परत गेले त्यांनी लिहा आणि ज्यांनी विचार करून इथेच राहायचं ठरवलं त्यांनीही लिहा प्लीज, मोठं झालं तरी चालेल.

आम्ही आलो तेव्हा दोन-तीन वर्षं राहू आणि परत येऊ असं दोन्ही घरी सांगून निघालो होतो, मग नोकऱ्या बदलल्या, मुलगी झाली, मुलगा झाला, पीआर (इथे कायम राहण्याचा परवाना) मिळाला, आणि दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू" करत इथवर आलो. मुलगी आता तिसरीत आहे, मुलगा पाच वर्षांचा, लवकरच पहिलीत जाईल. चौघांचेही पासपोर्ट अजून भारतीयच आहेत. इथलं आयुष्य वाईट अजिबात नाही, मुलगी एकटी चालत शाळेत जाते, अभ्यासाचं ओझं नाही, दुपारभर बाहेर खेळते, मला ऑफिसातून वेळेवर निघता येतं, आजारी मूल घरी असेल तर सुट्टीसाठी कुणापुढे हात जोडावे लागत नाहीत. हे सगळं सोडून जायचं म्हणजे काय ते मला कळतंय.

मग आता घाई कसली, तर इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर होतं ते, बाकी बहुतेक राज्यांत चौथीतच शाळा सांगते की हे मूल गिम्नाझियमला (पुढे विद्यापीठाकडे नेणारी शाळा) जाईल की रेआलशुलेला (मधल्या पातळीची शाळा) की आणखी कुठे. नंतर बदलता येतं पण सोपं नसतं. एकदा मुलगी तिथे लागली, मित्रमैत्रिणी झाल्या, की मग ती अठराची होईपर्यंत आपण काही हलत नाही असं मला आतून वाटतंय.

दुसरं म्हणजे भाषा, आणि ते मला जास्त लागतं. आम्ही दोघं मुलांशी मराठीतच बोलतो. पण ती आपापसात जर्मनच बोलतात, खेळ जर्मनमध्ये, भांडण जर्मनमध्ये, आणि भांडण माझ्यापर्यंत आलं की पहिली दोन वाक्यं मराठी आणि पुढचं सगळं जर्मन. आजीशी व्हिडिओ कॉलवर मुलीची उत्तरं आता "हो", "नाही", "छान" एवढ्यावर आली आहेत. परवा आईने तिला विचारलं की तुझी सगळ्यात जवळची मैत्रीण कोण गं, तर हिला सांगायचं खूप होतं, तोंडावर दिसत होतं, हातवारे करत सुरुवात पण केली, मधेच शब्द संपले, आणि "छान आहे" म्हणून फोन माझ्या हातात देऊन निघून गेली.

तिसरं, सासूबाईंची तब्येत आता पूर्वीसारखी नाही, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांच्या घरी आहे त्यांना कळेल.

नवऱ्याचं म्हणणं असं की आता पाच वर्षांच्या वास्तव्यावर जर्मन नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, तर आधी चौघांचं ते करून घेऊ आणि मग जाऊ, म्हणजे परतीचं दार उघडं राहील. त्याचं चूक आहे असं मी म्हणत नाही, पण अर्ज निकालात निघेपर्यंत किती वेळ जाईल कुणाला माहीत, तोवर चौथी संपलेली असेल. शिवाय भारताचा पासपोर्ट सोडायचा हे मला जड जातंय.

तर वयाचा खरंच इतका फरक पडतो का? मराठी लिहिता-वाचता न येणारं मूल तिकडे तिसरी-चौथीत कसं निभावतं? आणि पासपोर्टचं तुम्ही काय केलंत?


रानवारा:

पाऊसवेडी, आम्ही अमेरिकेतून परत आलो तेव्हा मुलगा अकरा पूर्ण आणि मुलगी सहा वर्षांची होती. एकाच घरातली दोन मुलं, शाळा तीच, आईबाप तेच, आणि दोघांचे अनुभव इतके वेगळे की वयाने फरक पडतो का याचं उत्तर मला घरातच मिळालं. पडतो, खूप पडतो.

मुलगी सहामाही परीक्षेपर्यंत शाळेत मुरली. तिला मैत्रिणी हव्या होत्या, त्या मिळाल्या, विषय संपला. मुलाचं तसं झालं नाही. त्याला अभ्यास अवघड गेला असं कुणाला वाटेल तर तसंही नाही, गणितात थोडा मागे होता ते एका सुट्टीत भरून निघालं. अडलं ते भलतीकडेच. फळ्यावरचं सगळं वहीत उतरवून घ्यायचं, ते पण पेनाने, बाई पुसायच्या आत. तिकडे त्याला इतकं हाताने लिहायची सवयच नव्हती. रोज अर्धवट वही घेऊन घरी यायचा, मग मी वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या आईकडून पानांचे फोटो मागवायची आणि हा संध्याकाळभर ते उतरवत बसायचा, मधेमधे मनगट चोळत. त्यात त्याच्या उच्चारांना वर्ग हसायचा म्हणून त्याने तोंड उघडणंच बंद केलं. हे त्याच्या एका बाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं आणि त्यांनीच त्याला शाळेच्या क्विझच्या टीममध्ये घातलं, तिथून गाडी रुळावर आली. त्या बाई नसत्या तर काय झालं असतं कल्पना करवत नाही. म्हणून सांगते, शाळा बघायला जाल तेव्हा इमारत, स्विमिंग पूल वगैरे सोडा, बाहेरून आलेली मुलं वर्गात किती आहेत आणि त्यांना कोण बघतं ते विचारा.

मराठीचं म्हणाल तर महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे, बोर्ड कुठलंही असो. त्यामुळे टाळता येणार नाही आणि टाळूही नये. अकरा वर्षांच्या घोड्याला अंकलिपी दिली की त्याला अपमान वाटतो, आमचा तर पुस्तक उलटं करून ठेवायचा म्हणजे बहिणीला दिसू नये. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला तसं वाटत नाही. आणि तुमची ऐकून समजते, बोलते, म्हणजे अर्ध्याहून जास्त काम झालंय. काना-मात्रा पटकन येतात, जोडाक्षरांशी थोडी झटापट होते, रोज पंधरा-वीस मिनिटं धरलं तर वर्षाच्या आत मूल वाचायला लागतं. तिचे शब्द गेलेले नाहीत हो, वापरात नाहीत एवढंच. लहान वयात भाषा जशी भराभर येते तशी वापर थांबला की भराभर मागे पण पडते, आणि वापर सुरू झाला की पुन्हा वर येते.

आता पासपोर्ट, आणि हे नीट वाचा कारण हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आमची मुलं जन्माने अमेरिकन, म्हणून ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहेत. ४ मार्च २०२१ ला सरकारने एक नोटिफिकेशन काढलं, त्यानुसार नीट, जेईई वगैरे देऊन प्रवेश घ्यायचा तर ओसीआय मुलांना एनआरआय कोट्यातल्या किंवा जादा निर्माण केलेल्या जागाच मिळतात, भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागा नाहीत. त्यावर लोक कोर्टात गेले आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही अट त्या तारखेनंतर मिळालेल्या कार्डांना लागू, आधीच्यांचे हक्क कायम. आमची कार्डं आधीची म्हणून आम्ही सुटलो. तुमच्या मुलांनी आता जर्मन नागरिकत्व घेतलं तर कार्ड नवीन, म्हणजे नवीन नियम. आज ती भारतीय नागरिक आहेत, परत आली की सगळ्या जागा खुल्या. नवऱ्याला म्हणावं दार उघडं ठेवताना दुसरं एक दार बंद होतंय ते पण हिशोबात धर. ओसीआयवर मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, हे तर आहेच.

आणि एक मुदत जर्मनीतल्या चौथीपेक्षा जास्त पक्की आहे. सीबीएसईमध्ये नववी-दहावी हा दोन वर्षांचा एकच कोर्स धरतात, अकरावी-बारावी दुसरा, रजिस्ट्रेशन नववीत आणि अकरावीत होतं. थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश मिळवायला फार यातायात असते. म्हणून सातवी-आठवीच्या पुढे ढकलू नका. पण चौथी म्हणजे जगबुडी असंही नाही.


आखाती वारा:

आमच्याकडे दुबईत हा प्रश्न वेगळाच असतो म्हणून थोडक्यात. इथे जन्मलं म्हणून नागरिकत्व मिळत नाही, मुलांचा व्हिसा आईबापाच्या नोकरीवर. त्यामुळे परत जायचंय हे मुलांना पहिल्यापासून माहीत असतं, आम्ही पण लपवत नाही, आणि सीबीएसईच्या शाळा भरपूर असल्याने पुस्तकं तीच, परीक्षा तीच. माझ्या मोठ्याने सातवीत भारतात शाळा बदलली तेव्हा अभ्यासाचा काहीच त्रास झाला नाही. त्रास झाला तो एवढाच की तिकडच्या मुलांना रस्ता ओलांडता येतो आणि याला येत नव्हता. पहिले काही आठवडे आजोबा रोज बरोबर जायचे, मग एक दिवस म्हणाला की आजोबा तुम्ही आज गेटपर्यंतच या.

मला वाटतं तुमच्या मुलीला आधीपासून माहीत असणं हे महत्त्वाचं. ती तिसरीत आहे, तिला कळतं सगळं.


निळी छत्री:

मी दुसऱ्या बाजूची. जर्मनीतच आहे, दोन मुली, मोठी आता विद्यापीठात शिकते, आणि आम्ही विचार करून इथेच राहिलो. रानवारा यांनी लिहिलंय ते सगळं पटलं तरी एक गोष्ट सांगावीशी वाटते.

"मुलांसाठी परत जातोय" हे वाक्य फार जपून वापरा. मी आजूबाजूला बघितलंय, मुलांसाठी म्हणून गेलेले आईबाप पुढे मुलांकडून त्याची परतफेड मागतात, तोंडाने नाही मागत पण मूल रमलं नाही की चिडतात, तुझ्यासाठी एवढं सोडून आलो असं निघतंच तोंडातून. तेच "मुलांसाठी इथे राहिलो" म्हणणाऱ्यांचं. तुमच्या पोस्टमध्ये मला दिसतंय ते असं की तुम्हालाच जायचंय. आईजवळ राहायचंय, सासूबाईंना बघायचंय, आपल्या भाषेत जगायचंय. त्यात वाईट काय आहे? हे स्वतंत्र आणि पुरेसं कारण आहे, त्याला मुलीच्या चौथीचा आधार लागत नाही. आम्ही राहिलो तेव्हा मी मुलींना स्पष्ट सांगितलं होतं की मला माझं काम आवडतं आणि तुमच्या बाबाला पण, म्हणून आपण इथे आहोत. मुलींनी ते सहज घेतलं.

भाषेबद्दल पण. इथे राहून मराठी टिकत नाही असं नाही, पण घरातल्या दोन मोठ्या माणसांवर टिकत नाही, तिसरं कुणीतरी लागतं, शक्यतो त्यांच्याच वयाचं. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात तिथे मुलांना निदान कळतं की आपल्यासारखी बाकीची पण आहेत. आमच्या शहरात तसं काही नव्हतं म्हणून आम्ही चार घरांनी मिळून शनिवार धरला. नियम एकच, मुलांना पुस्तक द्यायचं नाही, नाटक करायचं. माझी धाकटी जी घरी मराठीत एक वाक्य पूर्ण करत नव्हती ती राक्षसाचे संवाद पाठ करून स्वयंपाकघरात ओरडत फिरायची. तिला लिहिता अजूनही येत नाही, पण आजोबांशी तासभर वाद घालते मराठीत, आणि माझ्यासाठी ते पुरेसं आहे.

आता कामाचं. नवऱ्याच्या मुद्द्यात तथ्य आहे. साध्या पीआरवर सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहिलात तर तो आपोआप जातो. म्हणजे "जाऊन बघू, नाही जमलं तर येऊ" हे पीआरवर वाटतं तितकं सोपं नाही. पण जायच्या आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अर्ज करून परतण्याची मुदत वाढवून मागता येते, कारण योग्य असेल तर देतात, लेखी घ्या.

आणि तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी तुम्ही लिहिलेली नाही म्हणून विचारते, मुलाच्या वेळची एल्टर्नत्साइट (मूल वाढवण्यासाठी आईबापांना मिळणारी रजा) पूर्ण वापरली का? दोघांनाही प्रत्येक मुलामागे तीन वर्षांपर्यंत हक्क असतो, आणि त्यातले चोवीस महिन्यांपर्यंत मूल तीन ते आठ वर्षांचं असताना घेता येतात. मुलगा पाचचा आहे. तुमची शिल्लक असेल तर एक वर्ष एल्टर्नत्साइट टाकून भारतात राहून बघता येईल, नोकरी राखलेली राहते. या वयाच्या मुलासाठी तेरा आठवडे आधी लेखी कळवावं लागतं. पगार नसतो, त्यामुळे एकाने तिकडे बसून इथलं काम रिमोट करायचं की बचतीवर काढायचं ते तुम्ही बघा, आणि रिमोट असेल तर टॅक्स आणि विमा दोन्हीची चौकशी नीट करा, त्यात अंदाजाने चालू नका. पण मुलगी तिकडे शाळेत बसेल, तुम्ही खरोखरचं वर्ष जगाल, सुट्टीतला महिना नाही. सुट्टीतल्या महिन्यावरून निर्णय घेऊ नका, त्या महिन्यात सगळे तुमचेच असतात.

एक अजून, पुढे मुलं शिकायला इथे परत येतील असं मनात असेल तर लक्षात घ्या की नुसत्या भारतीय बारावीवर इथल्या विद्यापीठात थेट प्रवेश सहसा मिळत नाही. स्टुडिएनकोलेग (विद्यापीठाआधीचा तयारीचा कोर्स) करावं लागतं किंवा भारतात कॉलेजचं एक वर्ष तरी झालेलं लागतं, इंजिनियरिंगसारख्या विषयांना जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असेल तर चालतं. आणि मुलीचं जर्मन तोवर टिकवायचं तर मराठीसाठी आज जे करताय तेच तिकडे जाऊन जर्मनसाठी करावं लागेल.


दोन किनारे:

मी सहसा लिहीत नाही पण हा धागा माझ्याबद्दल आहे असं वाटलं. मी ते मूल आहे. आता तिशीत आहे. इंग्लंडमध्ये वाढलो आणि तेरा वर्षांचा असताना आम्ही भारतात आलो.

वय, शाळा, बोर्ड यावर वर लिहिलंय ते बरोबरच आहे, तेरा हे वाईट वय आहे, त्यावर मी काही वेगळं सांगणार नाही. मला जे खुपलं ते वेगळं होतं. आमच्या घरी हा विषय वर्षानुवर्षं चालू होता पण दार लावून. मी जिन्यात बसून ऐकायचो. कधी जायचं ठरायचं, कधी रद्द व्हायचं, मला कुणी सांगत नव्हतं कारण ताण नको त्याला. त्यामुळे मी शाळेच्या फुटबॉल टीममध्ये नाव द्यायचं की नाही हे सुद्धा ठरवू शकत नव्हतो, कारण पुढच्या सीझनला आपण असू का हेच माहीत नाही. मित्राने पुढच्या उन्हाळ्याचा काही प्लॅन केला की मी गप्प बसायचो. जाण्यापेक्षा ते दोन-तीन वर्षांचं लटकणं जास्त वाईट होतं, आणि गंमत म्हणजे आईबाबांना वाटत होतं की आपण अजून काही केलेलंच नाही.

१९५० च्या दशकात रूथ युसीम नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला होता आणि तिथूनच थर्ड कल्चर किड्स या विषयाला सुरुवात झाली, म्हणजे जी मुलं आईबापांच्या देशातही पूर्ण नाहीत आणि जिथे वाढली तिथेही नाहीत अशी मुलं. कॉलेजात असताना मी त्याबद्दल वाचलं तेव्हा फार हलकं वाटलं, की आपल्यात काही बिघाड नाहीये, अशी पुष्कळ मुलं असतात. तुमच्या मुलीला हे कुणीतरी लवकर सांगावं. मला विसाव्या वर्षी कळलं.

निरोपाबद्दल पण सांगतो. आम्ही निघालो तेव्हा वस्तू विकण्याची, पॅकिंगची इतकी धांदल होती की मी माझ्या मित्रांना नीट भेटलोच नाही. मुलीला वेळ द्या. मैत्रिणींना घरी बोलवा, पत्ते घ्या, शाळेतल्या बाईंना भेटवा, कपाटातलं काय न्यायचं ते तिला ठरवू द्या, ते कितीही निरुपयोगी असलं तरी. माझा एक खोका "तिकडे मिळेल की" म्हणून मागे राहिला, ते तिकडे मिळण्यासारखं नव्हतं.

मी आता भारतातच राहतो, स्वतःच्या मर्जीने. आजी-आजोबांची शेवटची दहा वर्षं मला मिळाली, त्यांच्याशी मी त्यांच्या भाषेत बोललो, आजोबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा रात्री मी थांबायचो. माझ्या इंग्लंडमधल्या चुलत बहिणीला ते मिळालं नाही आणि ती ते बोलून दाखवते. त्यामुळे आईबाबांनी आणलं याबद्दल माझ्या मनात राग नाही. मला विचारायला हवं होतं एवढंच, आणि विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, तरी पण विचारायला हवं होतं.


पाऊसवेडी:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन किनारे, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आमच्याकडे पण दार लावूनच बोलणं चालतं. काल रात्री नवऱ्याला तुमची पोस्ट वाचून दाखवली आणि आज सकाळी आम्ही मुलीला समोर बसवून सांगितलं की आपण भारतात राहायला जायचा विचार करतोय, ठरलेलं नाही, ठरलं की सगळ्यात आधी तुला सांगू. तिने पहिला प्रश्न विचारला की तिकडे मला पोहायच्या क्लासला जाता येईल का, आणि दुसरा की आजी रोज भेटेल का. मग थोड्या वेळाने येऊन म्हणाली, पण मला वर्गात सगळे मराठी येतं का विचारतील. म्हणजे तिला ते माहीत आहे, तिला पण ते लागतं.

निळी छत्री, माझी एल्टर्नत्साइट दोन्ही मुलांच्या वेळी थोडीथोडीच घेतली होती, मुलाची बरीच शिल्लक आहे, नवऱ्याची तर जवळजवळ सगळीच. हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि मलाच जायचंय हे तुम्ही लिहिलंत ते मी नवऱ्याकडे पहिल्यांदाच तसं मोकळेपणाने बोलले. तो म्हणाला की मला माहीत होतं, तू कधी म्हणतेस त्याची वाट बघत होतो. त्याला स्वतःला अजून खात्री नाही, पण एक वर्ष राहून बघायला तो तयार आहे. सध्या ठरलंय ते एवढं की नागरिकत्वाचा अर्ज आत्ता करायचा नाही, मुलांचे पासपोर्ट आहेत तसे राहू द्यायचे, आधी परतण्याच्या मुदतीचं लेखी घ्यायचं, मग ऑफिसला कळवायचं.

रानवारा, एक विचारते. समजा येत्या एप्रिलपासून शाळेत घालायचं ठरलं तर मधल्या महिन्यांत मराठीची तयारी कशी करून घेऊ? तिला चौथीत घालावं की तिसरीतच ठेवावं? इथली तिसरी तर मधेच सुटणार.


रानवारा:

वयाप्रमाणे जो वर्ग येतो तोच घ्या, शिक्षण हक्क कायदा पण वयानुरूप वर्गाचंच सांगतो. मराठीसाठी म्हणून एक वर्ष मागे बसवू नका, बाकी विषयांत ती कंटाळेल आणि बरोबरच्या मुलींपेक्षा उंच दिसत राहील, ते मुलांना आवडत नाही. शाळेशी आधी बोला, पहिल्या वर्षी मराठीच्या पेपरला सवलत देता का विचारा, बऱ्याच शाळा ऐकतात. जर्मनीतून निघताना शाळेकडून गेल्या दोन वर्षांचे निकाल आणि ती अमुक वर्गात शिकत होती असं शिक्क्याचं पत्र घ्या, इंग्रजीत भाषांतर करून ठेवा, इकडे शाळा सोडल्याचा दाखला मागतात आणि तिकडे तसा छापील फॉर्म नसतो म्हणून अडतं.

तयारीसाठी बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत. चौथीचं उघडू नका, पहिली-दुसरीचं घ्या, प्रिंट काढा, स्क्रीनवर नको. पहिले दोन महिने नुसतं तुम्ही वाचा आणि तिने बोट फिरवत बघायचं. मग रोज एक ओळ लिहायची, पेन्सिलने नाही, पेनाने. आणि आईला सांगा की फोनवर प्रश्न विचारायच्या ऐवजी पुस्तकातली एक गोष्ट अर्धी सांगून ठेवा, उरलेली मुलीने दुसऱ्या दिवशी वाचून त्यांना सांगायची. चुकली तर आईंनी दुरुस्त करायचं नाही, हे त्यांना दोनदा बजावा. पोहण्याच्या क्लासचं पण आत्तापासून शोधा, शाळेच्या आधी ते शोधा.